मातापित्यांचा आहार आणि शाळेत येणारे मूल

(देवरूख परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासासाठी)

पहिलीच्या प्रवेशनोंदीत मुलाची जन्मतारीख लिहिली जाते आणि शाळेच्या दृष्टीने मुलाचे आयुष्य त्या तारखेपासून सुरू होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद बरीच उशिराची आहे. ज्या मेंदूवर शिक्षकाला पुढे सात-आठ वर्षे संस्कार करावयाचे असतात, त्याचा पाया जन्मापूर्वी सुमारे आठ महिने, म्हणजे गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच घातला गेलेला असतो. त्या पायासाठी लागणारी सामग्री मातेच्या शरीरात त्याहीपूर्वी साठलेली असावी लागते. यास्तव मातापित्यांच्या आहाराचा विचार हा केवळ दवाखान्याचा विषय नसून शिक्षणाचाही विषय आहे.

गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेत त्याच्या पाठीच्या बाजूस पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. करंजीची पारी दुमडून तिच्या कडा जुळवाव्यात, त्याप्रमाणे या पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात व एक नळी बनते. या नळीच्या वरच्या टोकापासून मेंदू व उरलेल्या भागापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तयार होतो. कडा जुळण्याची ही क्रिया गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवसापर्यंत पूर्ण होते. ती अपुरी राहिली, तर मूल पाठीवर उघडी जखम घेऊन जन्मास येते, किंवा मेंदूची वाढच न झाल्यामुळे वाचत नाही.

आता साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या स्त्रीची शेवटची पाळी १ जून रोजी आली असे समजू. गर्भधारणा साधारणपणे १५ जूनच्या सुमारास होईल. पुढची पाळी २९ जूनला यावयाची, ती चुकेल. घरात कामाची गर्दी, त्यात लावणीचे दिवस. तेव्हा चार दिवस इकडे तिकडे झाले तरी तिकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. आणि १३ जुलैच्या सुमारास ती नळी मिटलेली असेल. गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत व्हावी, असा आरोग्य खात्याचा प्रयत्न असतो. या उदाहरणात तो १२ वा आठवडा २४ ऑगस्टला पुरा होतो. म्हणजे नोंद अगदी वेळेवर झाली तरीसुद्धा मेंदूच्या पायाचे काम होऊन सहा आठवडे लोटलेले असतात. त्यानंतर दिलेल्या गोळ्या व्यर्थ नव्हेत. मेंदूची पुढील वाढ, रक्ताची पूर्ती व बाळाचे वजन यांसाठी त्या अत्यावश्यकच आहेत. परंतु पहिल्या चार आठवड्यांचे काम त्या मागे जाऊन करू शकत नाहीत. हे गणित पाचवी ते सातवीच्या वर्गात दिनदर्शिका घेऊन करून घेता येण्याजोगे आहे, आणि ज्या शिक्षकाने ते एकदा केले त्याला या लेखाचा निम्मा भाग वाचण्याची गरज उरणार नाही.

ही नळी नीट मिटण्यास फोलिक आम्ल नावाचे जीवनसत्त्व लागते. ते हिरव्या पालेभाज्यांत, कडधान्यांत व डाळींत असते. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना पूर्वी असे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांना पुन्हा गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक आम्ल दिले असता व्यंगाची पुनरावृत्ती जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी झाली. त्यापूर्वी कितीतरी वर्षे अशी मुले जन्मली की घरोघर तिला ग्रहणाचा दोष दिला जाई, आणि गरोदर स्त्रीला ग्रहणात विळी हाती धरू न देण्याची काळजी घेतली जाई. ती काळजी पाळणारी घरे पालेभाजीची काळजी घेत नसत, यात त्यांचा दोष नव्हता, ठाऊकच नव्हते. आता ठाऊक आहे. आपल्या देशात ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांनुसार मूल होऊ देण्याची इच्छा असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची गोळी घ्यावी, असे सांगितलेले आहे. ज्या स्त्रीला फेफऱ्यासाठी औषध चालू असेल तिने मात्र मूल होऊ देण्याचा विचार करतानाच डॉक्टरांना भेटावे. त्यांतील काही औषधे या काळात गर्भाला बाधक ठरतात. आपल्या मनाने औषध बंद करणे हे त्याहूनही धोक्याचे आहे.

अन्नाच्या तुटवड्याचा परिणाम किती दूरवर जातो याचे एक दुःखद उदाहरण युरोपात घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली व लाखो लोकांवर उपासमारीची पाळी आली. दुष्काळ ठरावीक महिन्यांचाच असल्यामुळे आणि जन्माच्या नोंदी चोख असल्यामुळे पुढे संशोधकांना त्या मुलांचा मागोवा घेता आला. उपासमारीच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्यात मज्जारज्जूची व्यंगे वाढलेली आढळली आणि प्रौढपणी छिन्नमानस हा मानसिक आजार होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसून आले.

युद्ध व दुष्काळ ही टोकाची उदाहरणे झाली. महाराष्ट्रातील शिक्षकाला अधिक उपयुक्त असा अभ्यास पुण्याजवळच घडला आहे. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास आरंभिला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तेथील विवाहित स्त्रियांची उंची, वजन आदी मापे गर्भ राहण्यापूर्वीच घेऊन ठेवली होती. पुढे सुमारे आठशे गरोदर स्त्रियांचा आहार, कामाचे श्रम व रक्त यांची तपासणी झाली. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक, आणि बहुतांशी भाकरी-भात-भाजीवर राहणाऱ्या होत्या. ज्या माता हिरवी पालेभाजी, फळे व दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळे जन्मतः अधिक भरदार होती, असे आढळून आले.

रक्ततपासणीत मात्र एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. फोलिक आम्लाची कमतरता फारशी नव्हती. परंतु दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच ते मिळते. ज्या घरी दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते, अंडी-मासे खाल्ले जात नाहीत किंवा परवडत नाहीत, तेथील स्त्रीच्या ताटात ते येणार कोठून? मज्जातंतूंभोवती जे स्निग्ध वेष्टन असते, आणि ज्यामुळे मेंदूतील संदेश जलद धावतात, त्या वेष्टनाच्या घडणीसाठी ब-१२ आवश्यक असते.

याच खेड्यांतील मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांतील शंभरएक मुलांची बौद्धिक कसोट्यांवर तपासणी करण्यात आली. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात ब-१२ सर्वांत कमी होते अशा मातांची मुले एका बाजूस, व सर्वांत अधिक होते अशांची दुसऱ्या बाजूस. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्राथमिक शिक्षकाने लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. सर्वसाधारण बुद्धीच्या कसोटीत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. फरक दोन ठिकाणी दिसला. पहिली कसोटी कागदावर विखुरलेली, अंक लिहिलेली वर्तुळे क्रमाने रेषेने जोडण्याची होती. तीत एकाग्रता टिकवावी लागते. दुसरी कसोटी तोंडी सांगितलेले अंक उलट क्रमाने म्हणून दाखविण्याची होती. तीत ऐकलेले काही क्षण मनात धरून त्यावर काम करावे लागते. ब-१२ कमी असलेल्या मातांची मुले या दोन्हींत मागे पडली.

शिक्षकाने वर्गाकडे या दृष्टीने पाहावे. हातच्याची बेरीज करताना एकक मांडून झाल्यावर हातचा विसरणारे मूल, शुद्धलेखनात वाक्याचा पूर्वार्ध लिहून होईतो उत्तरार्ध हरवून बसणारे मूल, पाढा सरळ म्हणून उलटा म्हणताना अडखळणारे मूल. अशा मुलांना ‘लक्ष नाही’, ‘मन लावत नाही’ असे सहज म्हटले जाते. त्यांतील काहींचे मन खरोखरच दुसरीकडे असते हेही खरे. पण काहींच्या बाबतीत मनात धरून ठेवण्याची ओंजळच लहान असते. अशा मुलाला छडीने वा टोमण्याने ओंजळ मोठी करून देता येत नाही. सूचना तुकड्यातुकड्याने देणे, हातचा वर चौकटीत लिहावयास लावणे, उजळणी थोडी थोडी पण रोज घेणे, या शिक्षकाच्या हातातील गोष्टी होत.

येथे सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. एका अभ्यासावरून धावत सुटू नये. म्हैसूर येथेही अशाच स्वरूपाचा अभ्यास झाला व त्याचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. तेथे नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या बौद्धिक गुणांचा संबंध मातेच्या रक्तातील फोलिक आम्लाशी आढळला, ब-१२ शी नव्हे. प्रदेश बदलला, आहार बदलला की उणीवही बदलते. शिवाय केवळ फोलिक आम्ल भरपूर व ब-१२ अपुरे अशी जोडी पडली, तर तीही हितावह नाही. पुण्याच्या अभ्यासात अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचे कार्य मंदावण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे झुकण्याची, चिन्हे दिसली होती. भाकरीबरोबर भाजी हवी आणि भाजीबरोबर दूध किंवा मासळीही हवी.

निरीक्षणावरून संबंध दिसतो, पण कारण सिद्ध होत नाही. कारण सिद्ध करावयाचे तर प्रयोग करावा लागतो. तो प्रयोगही त्याच खेड्यांत झाला. १९९३ नंतर जन्मलेली ती मुले-मुली मोठी झाल्यावर, २०१२ साली, त्यांतील ब-१२ कमी असलेल्या सुमारे साडेपाचशे मुलामुलींना तीन गटांत विभागण्यात आले. एका गटाला रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२, दुसऱ्याला ब-१२ बरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये व दुधातील प्रथिने, आणि तिसऱ्याला दिसण्यात तशीच पण औषध नसलेली गोळी. लोह व फोलिक आम्ल सर्वांनाच मिळत होते. मुलींची लग्ने झाली, त्या माता झाल्या, व प्रसूतीपर्यंत गोळी चालू राहिली. त्यांची बालके दोन ते साडेतीन वर्षांची असताना त्यांची समज, भाषा व हालचाली यांची तपासणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची बालके समज व भाषा या दोन्हींत औषधविरहित गटापेक्षा सरस ठरली. आश्चर्य असे की ब-१२ बरोबर इतर द्रव्येही मिळालेल्या गटात तसा स्पष्ट फरक दिसला नाही. तपासलेल्या बालकांची संख्या शंभराच्या आत होती. तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. तथापि, मुलगी माता होण्यापूर्वी काही वर्षे तिच्या आहारात पडलेली एवढीशी भर तिच्या मुलाच्या भाषेत दिसून यावी, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकाने दुर्लक्षिण्यासारखी खास नाही. २ मायक्रोग्रॅम ब-१२ म्हणजे काय? सुमारे अर्ध्या लिटर दुधात तेवढे असते.

रत्नागिरी जिल्ह्यातही या दिशेने काम चालू झाले आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने २०१९ पासून जिल्ह्यातील खेड्यांतील सोळा ते अठरा वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींची नोंद करून त्यांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ मागोवा घेण्याचा उपक्रम हाती घेतला. देवरुखापुरते पाहिले तर मातांच्या आरोग्याची परंपरा याहून जुनी आहे. इंदिराबाई हळबे, ज्यांना सारा तालुका मावशी म्हणे, त्यांनी १९५४ साली येथे मातृमंदिराची स्थापना केली, ती एका लहानशा प्रसूतिगृहानेच. त्या काळी बाळंतपणात बाई वाचणे हीच मोठी गोष्ट होती. आज बाई वाचते, मूल वाचते. आता प्रश्न त्या मुलाची वाढ पूर्ण व्हावी कशी, हा आहे.

कोकणच्या ताटाचा विचार केल्यास त्यात उणे जितके आहे त्याहून अधिक आहे. नाचणी, कुळीथ, वाल, चवळी, शेवगा, अळू ही घरची धने आहेत. आषाढ-श्रावणात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्या तर फुकट मिळतात. भारंगीसारखी कडू भाजी उकडून तिचे पाणी टाकावे लागते. त्या पाण्याबरोबर फोलिक आम्लही जाते. पण टाकळा किंवा शेवग्याचा पाला तसा उकडण्याचे कारण नाही. कुळथाचे कळण टाकून न देता त्याचे सार करण्याची जी आपली रीत आहे, ती शास्त्राच्या दृष्टीने उत्तम आहे. बांगडा व तारली या मासळीला पाहुण्यांच्या पंगतीत मान नसतो, सुरमई-पापलेटाला असतो. ब-१२ आणि मेंदूच्या घडणीस लागणारी स्निग्धाम्ले या दृष्टीने पाहिल्यास मात्र ही स्वस्त मासळी पहिल्या पंगतीची ठरते.

अडचण येते ती ऋतूची. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी. किनाऱ्याची ताजी मासळी एरवीही वाटेत महाग होत येते, पावसाळ्यात ती नाहीशीच होते. मग श्रावण लागतो व सुकी मासळीही बंद होते. दुधाची स्थिती कोकणात पूर्वीपासून बेताचीच. माळकरी घरांत तर मासे-अंडी वर्षभर नाहीत. मासे खाणाऱ्या निरोगी मनुष्याच्या यकृतात ब-१२ चा साठा दीर्घकाळ पुरतो, त्यामुळे एका श्रावणाने काही बिघडत नाही. पण जिचा साठा मुळात रिता आहे तिला या महिन्यांत भर पडत नाही, आणि लावणीचे कष्ट मात्र याच महिन्यांत असतात. अशा घरी दूध-दही-ताक हे सणाचे पदार्थ न राहता रोजच्या जेवणात यावयास हवेत. ज्या घरी कशानेच भागत नाही तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यात कमीपणा नाही.

पदार्थ घरात असणे वेगळे आणि स्त्रीच्या ताटात पडणे वेगळे. पुष्कळ घरी सून सर्वांच्या मागून जेवते. तोवर कालवणातील तुकडे संपलेले असतात व रस्सा उरतो. सोमवार, संकष्टी, एकादशी यांचे उपवास पुरुषांपेक्षा स्त्रियांच्याच वाट्यास अधिक येतात. ‘पोटातले मूल फार वाढले तर बाळंतपण जड जाते, तेव्हा बेताने खावे’ असे वडीलधाऱ्या बायका मायेनेच सांगतात. त्यांच्या काळी दवाखाना दूर होता, त्यामुळे त्या भीतीला आधार होता, आज नाही. सकाळच्या मशेरीने भूक मरते आणि तंबाखूचे विष गर्भापर्यंत पोहोचते, हे त्याहून वाईट.

लोह व आयोडीन यांविषयी थोडक्यात सांगता येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताची उणीव आढळली. रक्त कमी असलेल्या मातेचे बाळ लोहाचा अपुरा साठा घेऊन जन्मते आणि मेंदूच्या वाढीला लोह लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातील लोह शोषले जात नाही. लिंबू वा आवळा घेतल्याने अधिक शोषले जाते. शाळेत लहान मुलांना मिळणारी गुलाबी व किशोरवयीन मुलींना मिळणारी निळी गोळी शिक्षकांच्या परिचयाची आहे. ती समोर गिळवून घ्यावी. दप्तरात गेलेली गोळी बहुधा घरी पोहोचत नाही.

आयोडीनअभावी गर्भातील मेंदूची हानी होते व ती पुढे भरून निघत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून गलगंडाचे प्रमाण घटविले, आणि १९६२ मध्ये देशाने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. मासळी सुकविण्यास वा लोणच्यास खडे मीठ वापरले तरी चालेल, पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच हवे. कोकणच्या दमट हवेत उघड्या वाडग्यातील मिठातले आयोडीन कमी होत जाते, म्हणून ते झाकणाच्या बरणीत ठेवावे.

येथवर सर्व भार मातेवर टाकला गेला, असे कोणास वाटेल, व ते वाटणे रास्तच आहे. पित्याचा वाटा काय? पुरुषबीज तयार होण्यास सुमारे ७४ दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच महिने लागतात. त्या काळातील आहार, तंबाखू, मद्य यांचा बीजाच्या गुणवत्तेवर परिणाम होतो. नरउंदरांना फोलिक आम्लाविना आहार दिला असता त्यांच्या पिलांत व्यंगे वाढतात, असे कॅनडातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. मनुष्याच्या मुलांच्या बुद्धीविषयी इतका पक्का पुरावा अद्याप हाती नाही. तरीही पुण्याच्या प्रयोगात मुलींबरोबर मुलग्यांनाही घेतले होते, ते याच विचाराने.

देवरूख परिसरात या गोष्टीला एक वेगळेच वळण आहे. येथील अनेक घरांचा कर्ता पुरुष मुंबईस असतो. तो गौरी-गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो. घरातील पुढच्या मुलाची चाहूल पुष्कळदा या फेऱ्यांनंतरच लागते. म्हणजे गणपतीला येणाऱ्या पुरुषाच्या बीजाची घडण ज्येष्ठ-आषाढात मुंबईतील खोलीवर, वडापाव, खानावळीचा डबा व गुटख्याची पुडी यांवर होत असते. आणि त्याच वेळी त्याची पत्नी गावी लावणीच्या चिखलात, मासळीविना व दुधाविना, दिवस काढीत असते. दोन ताटे दोन ठिकाणी, आणि दोन्ही अपुरी. आरोग्यसेविका व आशाताई गावातील स्त्रीला गाठू शकतात. मुंबईतील पुरुषाला कोण गाठणार? येथे शाळेचा उपयोग होतो. मोठ्या भावंडाच्या निमित्ताने तो पुरुष सुट्टीत शाळेच्या ओट्यावर येतोच.

शिक्षकाने काय करावे यापेक्षा काय करू नये हे आधी सांगणे इष्ट. मागे पडणाऱ्या मुलाच्या आईला चारचौघांत ‘गरोदरपणी काय खाल्ले होते?’ असे विचारू नये. तिने काय खावे हे तिने ठरविलेले नव्हते. अमुक मूल ब-१२ च्या अभावाने मागे आहे, असा निर्णय शिक्षकाने देऊ नये. मागे पडण्याची कारणे कानाच्या दुखण्यापासून घरातील भांडणापर्यंत असंख्य असतात. जन्मापूर्वी राहिलेली उणीव म्हणजे ललाटरेषाही नव्हे. जन्मानंतर पहिल्या दोन वर्षांतील अन्न, घरातील बोलणे-खेळणे, अंगणवाडी व शाळा यांनी पुष्कळ भरून निघते, आणि मध्यान्हीचे शालेय भोजन हा त्याचाच भाग आहे. तसेच, तेजस्वी संतती देण्याची हमी देणारी चूर्णे व काढे बाजारात मिळतात. पालकाने त्यांविषयी विचारल्यास तेवढ्या पैशांचे दूध व अंडी घ्यावीत, असे निःसंकोच सांगावे.

करावयाचे काम थोडे आहे. सातवी-आठवीतील मुली आणखी आठ-दहा वर्षांनी माता होतील; त्यांच्या वर्गात आहाराचा पाठ घेताना तो परीक्षेपुरता न ठेवता मुलींच्या स्वतःच्या ताटापर्यंत न्यावा, आणि मुलग्यांना त्या तासाला मैदानावर पाठवू नये. परसबागेत शेवगा, चवळी, लाल माठ लावावा. मातापालक सभेला सासूबाईंनाही आवर्जून बोलवावे, कारण घरातील वाढणे त्यांच्या हाती असते. गावात ज्यांची नवीन लग्ने झाली त्या बहुधा शाळेच्याच माजी विद्यार्थिनी किंवा माजी विद्यार्थ्यांच्या पत्नी असतात. त्यांची नावे आशाताईंना कळविल्यास फोलिक आम्लाची गोळी पाळी चुकण्यापूर्वी त्यांच्या हाती पडू शकेल.

सभेचा दिवस मात्र विचारपूर्वक निवडावा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पेरणी चालू असते व पुरुष परतलेले असतात. जुलैत लावणीमुळे माताही येत नाहीत. १ मे हा दिवस सर्वांत सोयीचा. ध्वजवंदनासाठी गाव जमतो, ग्रामसभा असते, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात. झेंडावंदनानंतर वीस मिनिटे घेऊन, फळ्यावर १ जूनपासूनचे ते दिनांकांचे गणित मांडावे आणि आरोग्यसेविकेस दोन शब्द बोलावयास सांगावे. पुरुषांसाठी एक वेगळा आकडा फळ्याच्या दुसऱ्या बाजूस लिहावा: त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीच्या दिनांकातून ७४ दिवस वजा करून येणारा.